चर्च ऑफ इंग्लंडची सेकंडरी शाळा: ओपन ईव्हनिंगला काय बघायचं, आणि मंडळासाठी हॉल मागताना काय विचारायचं

टेम्सकाठ
सप्टेंबर उजाडला की इयर ६ च्या, म्हणजे पुढच्या वर्षी सेकंडरीत जाणाऱ्या मुलांच्या, घरांत हाच विषय असतो, म्हणून एकच धागा काढतो आहे. चर्चा फक्त इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या सी-ऑफ-ई (चर्च ऑफ इंग्लंडच्या) सेकंडरींची. पुण्याच्या बिशप्सचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. तिथे फी आहे, इथे शिकवण्याची फी शून्य.
दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात. शाळेच्या सोयी मुलांसाठी कशा आहेत हा एक, आणि गणपती-दिवाळीला तोच हॉल मंडळाला मिळेल का हा दुसरा. दोन्ही इथेच घेऊ. फक्त 'आमच्या मुलीची शाळा फार छान' छापाचे प्रतिसाद नकोत, मोजता येईल असं लिहा.

गवती_चहा
सोयींकडे वळण्याआधी मालकी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही उलगडणार नाही. 'चर्चची शाळा' या एका नावाखाली तीन प्रकार येतात.

व्हॉलंटरी एडेड: जमीन आणि इमारत सहसा ट्रस्टींची, म्हणजे बहुधा डायोसीसची (बिशपच्या धर्मप्रांताची) किंवा जुन्या धर्मादाय संस्थेची. मैदान मात्र बहुतेक ठिकाणी काउन्सिलचं. गव्हर्निंग बॉडीत फाउंडेशन गव्हर्नर, म्हणजे चर्चच्या बाजूने नेमलेले, बाकी सगळ्यांपेक्षा दोनने जास्त असतात. प्रवेशाचे नियम शाळाच ठरवते.
व्हॉलंटरी कंट्रोल्ड: नावात चर्च आहे, पण प्रवेश काउन्सिल ठरवतं आणि शिक्षकही काउन्सिलचे नोकर.
अकॅडमी: प्रवेश ट्रस्ट ठरवतो, जमीन बहुतेकदा चर्चच्या ट्रस्टींकडेच राहते.

पहिले दोन प्रकार १९४४ च्या शिक्षण कायद्यातून आले. एडेड शाळेला बांधकामाचा काही हिस्सा स्वतः उभा करावा लागतो. सुरुवातीला तो निम्मा होता, कमी होत होत २००२ पासून १० टक्क्यांवर आला. छप्पर बदलायला ४ लाख पौंड लागले तर ४० हजार गव्हर्नरांनी आणायचे. इयर ७ ला प्रवेश मिळाल्यावर 'गव्हर्नर्स फंड' नावाचा जो फॉर्म घरी येतो, तो यातूनच. तो ऐच्छिक आहे. प्रवेशाच्या अर्जाबरोबर पैसे मागायला अॅडमिशन कोडची, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नियमावलीचीच, बंदी आहे.

मिसळपाव_लेस्टर
म्हणजे त्या फंडाच्या फॉर्मवर सही केली नाही तर मुलाला काही त्रास नाही ना?

गवती_चहा
नाही. सक्ती करताच येत नाही. पण तो पैसा कुठे जातो ते जरूर विचारा. चांगली शाळा 'यंदा खिडक्या, पुढच्या वर्षी बॉयलर' असं कामाचं नाव घेऊन सांगते. उत्तर नुसतंच 'शाळेच्या विकासासाठी' असं आलं तर इमारतीची अवस्था स्वतः फिरून पाहा.

खडूवाली
प्रवेशाचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळे धागे आहेत. काउन्सिलचा फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत. चर्चच्या शाळेचा पुरवणी फॉर्म वेगळा, तो थेट शाळेकडे द्यायचा आणि त्याची तारीख कधीकधी आधीची असते. फसगत इथेच होते: पुरवणी फॉर्म भरला, पण काउन्सिलच्या फॉर्मवर शाळेचं नाव घातलं नाही, तर तो अर्जच नव्हे. उलट, काउन्सिलच्या फॉर्मवर नाव आहे पण पुरवणी फॉर्म नाही, तर अर्ज धरतात पण तुम्ही रांगेच्या शेवटच्या गटात जाता. निकाल १ मार्चला, किंवा त्यानंतरच्या कामाच्या दिवशी.
तुम्ही शाळेला पहिली पसंती दिली की चौथी, हे शाळेला दिसत नाही. त्यामुळे पसंतीक्रमात डोकं लढवू नका. मनात आहे तोच क्रम लिहा.
हिंदू घरांसाठी: 'ओपन' (चर्चशी संबंध न बघता) जागा किती आणि 'फाउंडेशन' (चर्चला जाणाऱ्यांच्या) किती, हे धोरणात छापलेलं असतं. काही शाळांत सगळ्या जागा घर-शाळा अंतरावर, काहींत बहुतेक जागा चर्चच्या हजेरीवर. काही शाळा थोड्या जागा संगीत किंवा भाषेच्या कलावर देतात. त्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत, आणि त्यांची चाचणी बहुधा सप्टेंबरातच उरकते. ऑक्टोबरात जागे झालात तर ती दारं बंद.

नगरी
मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक भर. चर्चच्या हजेरीच्या फॉर्मवर व्हिकारची, म्हणजे इथल्या पाळकाची, सही लागते आणि कालावधी दोन-तीन वर्षांचाही असतो. भारतातून नुकतं आलेलं कुटुंब इथेच अडतं. आपल्याकडची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झाली. तिच्यात अँग्लिकनही सामील झाले आणि ती अँग्लिकन कम्युनियनची सदस्य आहे. त्यामुळे नगर, नाशिक, पुण्याच्या पाळकाचं पत्र हे 'परक्या पंथाचं' पत्र नव्हे. ते लेटरहेडवर, इंग्रजीत, हजेरी कधीपासून कधीपर्यंत आणि महिन्यातून किती वेळा हे स्पष्ट लिहून आणा. ते मोजायचं की नाही हे शेवटी शाळेच्या धोरणातला शब्दच ठरवतो. 'आधीच्या चर्चचं पत्र चालेल' असं वाक्य तिथे शोधा, नसेल तर अर्जाआधी ईमेलने विचारून ठेवा.

बन्सेन
आता प्रयोगशाळा. ओपन ईव्हनिंगला मगरीच्या कवटीकडे आणि फुसफुसणाऱ्या ड्राय आइसकडे बघू नका, ती रोषणाई असते. लॅब मोजा.
हिशोब असा. इयरला ८ तुकड्या, इयर ७ ते ११. आठवड्याला २५ तासिका. इयर ७-९ ला विज्ञानाच्या ३ तासिका धरल्या तर ३ × ८ × ३ = ७२. इयर १०-११ ला ५ धरल्या तर २ × ८ × ५ = ८०. एकूण १५२. एका लॅबला २५ तासिका, म्हणजे ६ लॅब पूर्ण भरल्या. वेळापत्रक शंभर टक्के कधीच बसत नाही, ८५ टक्के धरा. ७ च्या वर जातं, म्हणजे ८ हव्यात. सिक्स्थ फॉर्म (इयर १२-१३) असेल तर आणखी. एवढ्या मोठ्या शाळेत ५ च लॅब असतील तर तिसऱ्या-चौथ्या सेटचं (गुणांप्रमाणे पाडलेल्या गटाचं) विज्ञान साध्या वर्गात होतं आणि प्रयोग फळ्यावर.
नव्या इमारतीत साधा वर्ग ५५ चौरस मीटरच्या आसपास असतो, लॅब ८३ च्या. त्यात ३० मुलं. लॅबमध्ये उभं राहून दोन बाकांमधून पाठमोरा माणूस जाऊ शकतो का ते बघा.
यानंतर प्रेप रूम, म्हणजे प्रयोगाचं साहित्य तयार करायची खोली. ती लॅबच्या मजल्यावरच आहे का? लॅब दोन मजल्यांवर, प्रेप रूम खाली आणि लिफ्ट नाही, अशी मांडणी असेल तर आम्लाच्या बाटल्यांची ट्रॉली वर जात नाही, आणि वरच्या लॅबमध्ये प्रयोग हळूहळू आटतात. शिक्षक आळशी म्हणून नाही, जिना म्हणून.

टेम्सकाठ
धूर ओढणारं कपाट कसं तपासायचं?

बन्सेन
फ्यूम कपबोर्डवर तपासणीचं स्टिकर असतं. कायद्याने दोन तपासण्यांमध्ये जास्तीत जास्त १४ महिने. तारीख उलटली असेल किंवा आत पुस्तकांचा गठ्ठा असेल तर ते वापरात नाही असं समजा. डी-टी (डिझाइन-टेक्नॉलॉजी) वर्कशॉपमधल्या धूळ ओढणाऱ्या यंत्रणेलाही हाच नियम. लेझर कटर दाखवतील, तिथे कापलेल्या प्लायची कड बघा. कड काळी, काजळलेली असेल तर फिल्टर तुंबलेला असू शकतो.
आणि तंत्रज्ञ किती आहेत ते विचारा. आठ लॅबला एकच तंत्रज्ञ म्हणजे जीसीएसईचे (इयर ११ च्या परीक्षेचे) ठरलेले प्रयोग कसेबसे होतात. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या कंबाइन्ड सायन्सलाच असे २१ आहेत.

भुईमूग
+१. धागा वाचनखुणेत टाकला.

किल्ल्यांचा_जुडगा
इमारतीबद्दल. चर्चच्या शाळा पिढ्यान् पिढ्या वाढत गेल्या आहेत. लंडनची ग्रे कोट हॉस्पिटल १६९८ ची. नावात हॉस्पिटल असलं तरी ती शाळाच, जुन्या अर्थाने मुलांचा सांभाळ करणारी धर्मादाय संस्था. अशा जागी व्हिक्टोरियन विटांची भिंत, तिला १९६० चं सपाट छप्पर, त्याला २०१० ची काच असं चिकटलेलं असतं. गळतं ते या जोडावर. वरच्या मजल्यावर जुनी आणि नवी इमारत मिळते तिथे छताच्या टाइल्सवर चहाच्या रंगाचे डाग आहेत का बघा. नवीकोरी पांढरी टाइल डागाळलेल्या टाइल्समध्ये एकटीच बसली असेल तर तीही तेच सांगते.
१९५० ते ९० दरम्यानचं सपाट छप्पर असेल तर दोन प्रश्न विचारा. रॅक काँक्रीटची (हवेच्या बुडबुड्यांचं हलकं, ठिसूळ काँक्रीट) तपासणी झाली का? ३१ ऑगस्ट २०२३ ला सरकारने शाळा उघडायच्या तोंडावर अशा खोल्या बंद करायला लावल्या, ते हेच. आणि अॅस्बेस्टॉसचं रजिस्टर आहे का? २००० च्या आधीच्या इमारतीत अॅस्बेस्टॉस असणं नवल नाही. न हललेलं अॅस्बेस्टॉस धोक्याचं नसतं, रजिस्टर नसणं धोक्याचं. भिंतीत ड्रिल मारणाऱ्या कंत्राटदाराला ते दाखवावंच लागतं.

सायबेरियन_चिवडा
आमच्या भागातल्या शाळेत चकाचक थ्री-जी (कृत्रिम गवताचं) पिच आणि स्पोर्ट्स हॉल आहे. एवढं असल्यावर खेळाची चिंता नको, असं माझं मत.

किल्ल्यांचा_जुडगा
अर्धवट सहमत. हॉल आहे, पण तो कोणत्या महिन्यात हॉल असतो हे विचारा.
शाळेचा चार-बॅडमिंटन-कोर्टांचा हॉल साधारण ३३ × १८ मीटर. मे-जूनमध्ये त्यात परीक्षेची टेबलं लागतात. नियमाने दोन खुर्च्यांच्या मध्यांत सगळ्या बाजूंनी किमान १.२५ मीटर. गल्ल्या, दारं, पर्यवेक्षकांची जागा सोडली की २०० च्या आसपास मुलं बसतात. इयरला २४० असतील तर गणित-इंग्रजीच्या पेपरला दुसरा हॉलही जातो. शिवाय मॉक परीक्षा. टेबलं रोज काढत-लावत बसत नाहीत, त्यामुळे एकूण आठ-नऊ आठवडे हॉलमध्ये खेळ बंद. दुसरी जिम असेल तर चिंता नाही. नसेल तर त्या काळात पी-ई (शारीरिक शिक्षण) कुठे होतं, हा नेमका प्रश्न.
थ्री-जीचं पूर्ण मैदान १०० × ६४, भोवतीची मोकळी पट्टी धरून १०६ × ७०. फुटबॉलला उत्तम. पण लांब पात्याच्या त्या गालिच्यावर हॉकी नीट होत नाही, त्याला वाळूचं आखूड पातं लागतं. शाळेने एक निवडलं की दुसरं गेलं.

सायबेरियन_चिवडा
बरं, आणि क्रिकेट? खरं सांगायचं तर विचारायचं तेच होतं :)

किल्ल्यांचा_जुडगा
हॉलमध्ये छतावरून सरकणाऱ्या जाळ्या आहेत का बघा. ३३ मीटरमधून खेळपट्टीचे २०.१२ गेले, यष्टींमागे दीड-दोन मीटर गेले, धावायला ११ उरतात. फिरकीला आणि मध्यमगतीला पुरे. वेगवान गोलंदाज चार पावलं कापून टाकतो आणि त्याची लय बिघडते.

वालाचं_बिरडं
कॅन्टीनवर कोणी लिहिलं नाही. शाळेच्या जेवणाचे नियम २०१५ पासून आहेत, तळलेलं किंवा ब्रेडक्रम्ब्ज लावलेलं आठवड्यातून दोनदाच वगैरे. शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी रोज असतो, पण विचारायचे प्रश्न वेगळे: तळणीचं तेल एकच आहे का, चिमटा एकच आहे का, आणि 'व्हेजिटेरियन' म्हणजे क्वॉर्न (बुरशीपासून केलेला मांसाचा पर्याय) का? क्वॉर्नच्या खिम्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. अंडं न खाणाऱ्या घरांना हे उशिरा कळतं. जेलीत जिलेटिन, तेही.
जेवणाचे पैसे बहुधा अंगठ्याच्या ठशाने. २०१२ च्या कायद्याप्रमाणे १८ खालच्या मुलाचा ठसा घ्यायला एका पालकाची लेखी संमती लागते. पालकाने हो म्हटलं आणि मूल नाही म्हणालं, तर मुलाचं ऐकावं लागतं. मग कार्ड किंवा पिन द्यावाच लागतो.
१,२०० मुलं आणि ४० मिनिटांची सुट्टी असेल तर पैसे घेणारे टिल किती आहेत ते मोजा.

मिसळपाव_लेस्टर
प्रार्थनेचं काय? रोज चर्चमध्ये नेतात का?

खडूवाली
रोजची सामूहिक उपासना कायद्यातच आहे, ती सगळ्याच सरकारी शाळांना लागू आहे. पण १,२०० मुलं एका हॉलात मावत नाहीत, म्हणून व्यवहारात प्रत्येक इयरची आठवड्यातून एक-दोनदा असेंब्ली आणि उरलेल्या दिवशी ट्यूटर टाइममध्ये दहा मिनिटं: एखादा उतारा, थोडी शांतता, प्रार्थना. चॅपल सगळीकडे नसतं. मोठ्या सणाला पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे त्या भागातल्या चर्चमध्ये, जातात.
युकेरिस्ट (भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी) असली तर मुलांना रांगेने पुढे बोलावतात. घ्यायचं नसेल तर जागेवर बसून राहता येतं, किंवा दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून पुढे जायचं. मग धर्मगुरू भाकर न देता फक्त आशीर्वाद देतो. मुलाला हे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी ते गोंधळतं.
पालकांना पत्र देऊन मुलाला उपासनेतून बाहेर ठेवता येतं, एडेड शाळेतही. कारण देण्याची गरज नाही. सिक्स्थ फॉर्मची मुलं स्वतःच ठरवू शकतात. बहुतेक हिंदू घरं हा हक्क वापरत नाहीत, आणि माझ्या मते वापरायची गरजही फारशी पडत नाही.
जीसीएसईला आर-ई, म्हणजे धर्माचा अभ्यास, बहुतेक ठिकाणी असतो. दोन धर्म अभ्यासायचे, त्यातला एक ख्रिस्ती. दुसरा शाळा निवडते. एक्यूएच्या यादीत हिंदू धर्म आहे, पण शिकवणाऱ्या शाळा थोड्या. विचारून ठेवा.
या बाजूची तपासणी ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) करत नाही, सायम्स नावाची चर्चची वेगळी तपासणी आहे. तिचा अहवाल शाळेच्या संकेतस्थळावर असतो. उपासना आणि आर-ई प्रत्यक्षात कशी चालते ते त्यात सापडतं.

ढोलीबाजा
आता हॉल. गणेशोत्सवासाठी चौकशी करणाऱ्यांनो, 'कल्चरल प्रोग्रॅम' असं मोघम लिहून बुकिंग करू नका. 'मूर्ती, आरती, प्रसाद' असं सरळ लिहा आणि उत्तर लेखी घ्या. काही गव्हर्नर सांस्कृतिक कार्यक्रमाला हो म्हणतात पण दुसऱ्या धर्माच्या पूजेला नाही. काहींना अडचण नसते. अनामत भरल्यावर कळलं तर मूर्ती गाडीतच राहते. चॅपल मात्र मागूच नका.
कुणाला विचारायचं? गवती_चहा यांनी वर लिहिलंय तेच: इमारत एकाची, मैदान दुसऱ्याचं, आणि भाड्याने देणारी कंपनी कधीकधी तिसरीच. पार्किंगसाठी मैदानाची कड हवी असेल तर ती परवानगी वेगळी निघू शकते.

विमा: सार्वजनिक दायित्वाचा, शाळा बहुधा ५० लाख पौंडांचा मागतात.
परवाना: ५०० पर्यंत प्रेक्षक, सकाळी ८ ते रात्री ११ आणि शाळेची संमती असेल तर संगीताला वेगळा परवाना लागत नाही. दारू विकणार असाल तर काउन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यायची, २१ पौंड, कामाचे १० दिवस आधी. त्यात कार्यकर्ते धरून ४९९ च माणसं.
वीज: मोठी चहाची अर्न ३ किलोवॉटची, म्हणजे १३ अँपिअर. एका रिंग सर्किटला ३२. दोन चालतील. तिसरी आणि शिवाय जेवण गरम ठेवायचं बेन-मारी त्याच भिंतीवर लावलंत की ऐन पंगतीत अंधार. कोणते सॉकेट कोणत्या सर्किटवर आहेत हे साइट मॅनेजरला आधी विचारा.
स्वयंपाकघर: ते सहसा केटरिंग कंत्राटदाराच्या ताब्यात असतं, हॉलच्या भाड्यात येत नाही. मोदक उकडूनच न्या.

भुईमूग
कापूर-निरांजन चालतं का?

ढोलीबाजा
हॉलच्या छताला धूर ओळखणारे डिटेक्टर असतात. कधी एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जाणारा किरण असतो, आरतीचा धूर त्यात शिरला की सगळी शाळा बाहेर. तो झोन तेवढ्यापुरता बंद करता येतो, पण फक्त साइट मॅनेजर करतो, आणि त्या वेळात एका माणसाला आगीवर लक्ष ठेवायला उभं करावं लागतं. याची आठवडाभर आधी लेखी विनंती करा. होम विसरा. विजेच्या समया घेऊन जा.
आणि आवाज. काही हॉलमध्ये लिमिटर असतो, ठरलेल्या डेसिबलच्या वर गेलं की स्टेजच्या सॉकेटची वीज तोडतो. गंमत अशी की ढोलाला वीज लागत नाही, पण मायक्रोफोनला ढोल ऐकू येतो. म्हणजे ढोल वाजत राहतो आणि निवेदिकेचा आवाज जातो. ढोल बाहेर, अंगणात, तेही शेजाऱ्यांची वेळ ठरवून.

किल्ल्यांचा_जुडगा
तारखांबद्दल: गणपती लवकर आले की ऑगस्टची सुट्टी. २०२५ ला २७ ऑगस्ट होती. त्याच काळात स्पोर्ट्स हॉलच्या लाकडी जमिनीला नवं लॅकर लावतात आणि ते कडक व्हायला दिवस लागतात. तेव्हा कोणीही कितीही पैसे दिले तरी आत पाऊल टाकू देत नाहीत. मे-जूनमध्ये परीक्षेची टेबलं. पाडवा आणि दिवाळी सोपी.

मिसळपाव_लेस्टर
रांगोळी? जमिनीवर काढू देतात?

किल्ल्यांचा_जुडगा
लाकडी जमिनीवर नाही. भुकटी फळ्यांच्या फटीत जाते, ओल्या फडक्याने रंग आणखी पसरतो, आणि कोरड्या रेतीसारख्या कणांवर पावलं घासली की लॅकर ओरबाडतं. ८ × ४ फुटांचे दोन प्लाय आणा, खाली जुनी चादर घाला, वर रांगोळी काढा. निघताना प्लाय सपाट उचलून बाहेर न्या, तिरपा केलात तर सगळी दारातच सांडते.
आणि बुकिंग ६ ते १० चं असेल तर १० ला दिवे बंद, १० ला आवराआवर सुरू नव्हे. खुर्च्या लावायला-काढायला दीड-दोन तास धरून ४ ते ११ मागा.